चौदाव्या वर्षी स्टेथोस्कोप?

तुमच्या ऑफिसमध्ये एक तरी असतोच. तीन महिन्यांसाठी म्हणून ऑनसाइट गेलेला आणि आता तिकडे मुलांची शाळा बघून घर शोधणारा. आपण इथे वीकेंडला लोणावळा की अलिबाग यावर व्हॉट्सअॅपवर भांडत असतो आणि हा मधूनच विचारतो, ‘अरे, मॅग्नेट स्कूलबद्दल कुणाला काही माहितीये का?’ ग्रुपवर सन्नाटा. मग कुणीतरी उगाच अंगठा टाकतो. विषय संपला.

माझ्याकडे हा प्रश्न थेट घरातून आला. माझी मावसबहीण ह्यूस्टनला असते. ताई, जिजू आणि आठवीतली भाची. ताईने रविवारी सकाळी (म्हणजे तिच्या शनिवारी रात्री) व्हिडिओ कॉल लावला आणि फर्मान सोडलं, ‘इथे एक हेल्थकेअरचं हायस्कूल आहे. सरकारी. सगळे म्हणतात सॉलिड आहे. तू पत्रकार ना? मग काढ की माहिती!’

मास कॉमची डिग्री घेतलेल्या पोरीला नातेवाईक दोनच कामं सांगतात. एक लग्नपत्रिकेचा मजकूर आणि दुसरं हे असलं. पैसे दोन्हीचे मिळत नाहीत. पण हा विषय खरंच इंटरेस्टिंग निघाला, म्हणून या आठवड्याचा कॉलम त्यावर.

शाळेचं नाव मायकल ई. डिबेकी हायस्कूल फॉर हेल्थ प्रोफेशन्स. १९७२ मध्ये ह्यूस्टनच्या सरकारी शाळांच्या जिल्ह्याने, म्हणजे ह्यूस्टन आयएसडीने, बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनला सोबत घेऊन ती सुरू केली. डॉक्टरकीत ज्या समाजांतली मुलं फारशी दिसत नव्हती, त्यांना शाळेतच त्या वाटेवर आणायचं, हा मूळ हेतू. डिबेकींचं नाव तिला १९९६ मध्ये मिळालं. हे गृहस्थ हृदयशस्त्रक्रियेतले बाप माणूस. लेबनॉनहून आलेल्या स्थलांतरितांचा मुलगा. विद्यार्थी असतानाच त्यांनी ज्या रोलर पंपावर काम केलं, तो पुढे हार्ट-लंग मशीनचा भाग झाला. वयाच्या ९७व्या वर्षी त्यांची स्वतःचीच महाधमनी फाटली आणि २००६ मध्ये त्यांनीच विकसित केलेली शस्त्रक्रिया करून त्यांना वाचवण्यात आलं. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक काय असणार! २००८ मध्ये, शंभरीला दोन महिने कमी असताना, ते गेले.

२०१७ पासून शाळेची इमारत टेक्सास मेडिकल सेंटरमध्ये आहे. जगातला सगळ्यात मोठा वैद्यकीय परिसर म्हणतात तो हाच. वर्गातून बाहेर पडलं की हॉस्पिटलं, संशोधन संस्था, मेडिकल कॉलेजं. आपल्याकडे केईएमच्या आवारात नववी ते बारावीची महापालिकेची शाळा असती तर, तसं काहीतरी. इंग्रजी, गणित, इतिहास हे नेहमीचे विषय आहेतच. शिवाय आरोग्यविज्ञान आणि वरच्या वर्गांत हॉस्पिटलांतल्या विभागांमध्ये प्रत्यक्ष जाऊन काम बघणं. मेडिकल टर्मिनॉलॉजी, पॅथोफिजिऑलॉजी, मेडिकल मायक्रोबायॉलॉजी हे टेक्सासच्या शाळांत चक्क हायस्कूलचे विषय आहेत. मी त्या वयात उंदराच्या पचनसंस्थेची आकृती कॉपी करत होते.

आणि फी? शून्य. ‘सरकारी’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते पुसून टाका. तिथे सरकारी शाळा घरपट्टीवर चालते आणि मुलाच्या आईवडिलांचा व्हिसा कोणता, हे तिला विचारता येत नाही. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत फुकट शिकण्याचा हक्क आहे, असा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये दिला. ‘प्लायलर विरुद्ध डो’ हा तो खटला टेक्सासमधूनच गेला होता.

इतकं ऐकून ताई म्हणाली, ‘मग प्रश्नच मिटला! फॉर्म भरते.’

थांब ना ताई. पहिला प्रश्न पत्त्याचा. ह्यूस्टन शहर आणि ह्यूस्टन आयएसडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली मंडळी भरपूर राहतात ते शुगर लँड फोर्ट बेंड आयएसडीत येतं, केटीचा स्वतःचा केटी आयएसडी आहे. मॅग्नेट शाळेत आधी मान आपल्या जिल्ह्यातल्या मुलांचा. म्हणजे एका रस्त्याच्या अलीकडे घर घेतलं की पलीकडे, यावर पोरीच्या शाळेचं भवितव्य. ताईचं घर सुदैवाने जिल्ह्यात आहे. पण तुमचा ऑनसाइटवाला मित्र लीजवर सही करायला निघाला असेल, तर त्याला आधी हे सांगा. स्विमिंग पूल आहे का, ते नंतर बघेल.

दुसरा प्रश्न जरा मोठा. ‘हेल्थकेअर हायस्कूल’ या एकाच पाटीखाली दोन अगदी वेगवेगळ्या शाळा असतात. डिबेकीसारखी शाळा मुलांना पुढच्या लांबलचक शिक्षणासाठी तयार करते. दुसरा प्रकार थेट नोकरीचा. जानेवारी २०२४ मध्ये ब्लूमबर्ग फिलान्थ्रोपीजने २५ कोटी डॉलर्स देऊन देशभरात १० ठिकाणी अशा शाळा उभ्या करायची घोषणा केली. प्रत्येक ठिकाणी हॉस्पिटल समूह भागीदार. त्यातली एक ह्यूस्टनच्या उत्तरेला आल्डीन आयएसडीत, मेमोरियल हरमन हॉस्पिटलबरोबर, २०२४ मध्येच सुरू झाली. तिथे नर्सिंग, फार्मसी, इमेजिंग अशा वाटा आहेत आणि हेतू सरळ आहे : अठराव्या वर्षी हातात सर्टिफिकेट आणि हॉस्पिटलात पगाराची नोकरी.

आपल्या मंडळींना या दुसऱ्या प्रकाराची भलती अॅलर्जी. एमसीव्हीसी म्हटलं की ‘सायन्सला नाही का मिळाली?’ हे आलंच. अमेरिकेतही ‘व्होकेशनल’ शब्दाला हाच वास होता. २००६ च्या कायद्यात त्यांनी नावच बदललं आणि ‘करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन’ केलं. नाव बदलल्याने वास जातो का, माहीत नाही. पण ज्या घरात अठराव्या वर्षी पगार येणं गरजेचं आहे, त्या घरासाठी आल्डीनची शाळा ही डिबेकीपेक्षा चांगली शाळा आहे. रँकिंगमध्ये ती कुठे का असेना.

रँकिंगवरून आठवलं. ताईने मला पहिल्याच दिवशी तीन याद्या पाठवल्या होत्या. सगळ्यांत डिबेकी वर. शिवाय टेक्सासचं शिक्षण खातं शाळांना ए ते एफ ग्रेड देतं, हॉटेलांच्या स्टारसारखी. यातला फंडा समजून घ्या. ज्या शाळेत मार्क आणि परीक्षा बघून मुलं घेतात, त्या शाळेचा निकाल चांगला लागणारच. क्लासवाले नाही का, बोर्डात आलेली पोरं आधीच उचलतात आणि मग पेपरात फोटो छापतात? मुलं कोण होती आणि शाळेने त्यांचं काय केलं, हे दोन हिशेब वेगळे. यादीत फक्त बेरीज दिसते.

मग बघायचं काय? टेक्सासमध्ये प्रत्येक सरकारी शाळेचा वार्षिक अहवाल कुणालाही मिळतो. त्यात इयत्तेप्रमाणे मुलांची संख्या असते. चार वर्षांपूर्वी नववीत किती होती आणि आज बारावीत किती उरली, दोन आकडे शेजारी ठेवा. मधे मुलं गळली असतील तर ती कुठे गेली, हे शाळेला तोंडावर विचारा. अवघड शाळांचा निकाल कधीकधी असाही सुधारतो, की ज्यांना झेपत नाही ती मुलं परत घराजवळच्या शाळेत जातात आणि त्यांचे मार्क तिथे मोजले जातात. त्याच अहवालात शिक्षकांच्या अनुभवाची वर्षंही असतात. नवखे किती, मुरलेले किती. मी ताईला सांगितलं, तीन याद्या डिलीट कर आणि ही दोन पानं वाच. तिने अर्थातच याद्या मावशीला फॉरवर्ड केल्या. आता मावशी कोथरूडमध्ये सांगत फिरतेय.

आता खरी मेख. हे कळलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून चहा टाकला.

टेक्सासमध्ये १९९७ पासून एक कायदा आहे. राज्यातल्या हायस्कूलमध्ये वर्गात पहिल्या १० टक्क्यांत येणाऱ्या मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश. सगळ्यांना हवं असलेलं ऑस्टिनचं विद्यापीठ मात्र गर्दीमुळे हा आकडा आणखी खाली आणतं. २०२६ च्या प्रवेशापासून तिथे पहिले ५ टक्केच. लक्षात घ्या, हे टक्के राज्यातले नाहीत, आपापल्या शाळेतले.

आता गणित करा. भाची घराजवळच्या शाळेत गेली तर पहिल्या पाचात येण्याचा चान्स बऱ्यापैकी आहे. डिबेकीत तिच्या वर्गातलं प्रत्येक पोर आपापल्या जुन्या शाळेतलं पहिल्या पाचातलं. तिथे मधोमध येणं म्हणजे काही वाईट नाही, पण आपोआप प्रवेशाचं दार बंद. मग रीतसर अर्ज, निबंध, वाट बघणं. म्हणजे चांगली शाळा निवडली की विद्यापीठाची एक सोपी वाट हातची जाते! हा कायदा आणलाच होता गावोगावच्या, साध्यासुध्या शाळांतल्या हुशार मुलांना जागा मिळावी म्हणून. त्यांच्या बाजूने बघितलं तर मला तो आवडतो. ताईच्या बाजूने बघितलं तर डोक्याला शॉट.

‘पण डिबेकीचं नाव असेल तर मेडिकलला प्राधान्य मिळत असेल ना?’ जिजू मागून म्हणाले. जिजू कॉलवर कधी दिसत नाहीत, फक्त मागून ऐकू येतात.

सहसा नाही. तिकडची वाट आपल्यासारखी नाही. आपल्याकडे बारावी, नीट, की लगेच साडेपाच वर्षांचं एमबीबीएस. तिथे हायस्कूलनंतर आधी चार वर्षांची पदवी, कुठल्याही विषयात चालते, ठरावीक विज्ञानाचे पेपर झाले म्हणजे पुरे. मग एमकॅट परीक्षा, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, मग तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी. म्हणजे चौदाव्या वर्षी निवडलेली शाळा आणि ‘डॉक्टर’ ही पाटी यांच्यामध्ये निदान १५ वर्षं आहेत. मेडिकल स्कूल साधारणपणे हायस्कूलचं नाव बघून प्रवेश देत नाही. ही शाळा देते ती सवय. अभ्यासाची, हॉस्पिटलच्या वासाची, आजारी माणसाशी बोलण्याची. कुणाला हे सोळाव्या वर्षी झेपतं, कुणाला तेव्हा कळतं की आपलं हे नाहीच. आणि ते सोळाव्या वर्षी फुकटात कळणं, बाविसाव्या वर्षी कर्ज काढून कळण्यापेक्षा कितीतरी स्वस्त!

पण जिजूंच्या प्रश्नामागचा खरा प्रश्न दुसराच होता आणि तो घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. व्हिसा.

जिजू एच-१बीवर, ग्रीन कार्डाच्या रांगेत. भारतीयांची ही रांग दशकाहून लांब आहे. भाची त्यांच्यामुळे एच-४वर. हा व्हिसा मूल २१ वर्षांचं झालं की संपतो. आता पुन्हा गणित. हायस्कूल संपेल तेव्हा ती १८ची. पदवी संपेल तेव्हा २२ची. मेडिकल स्कूलचा अर्ज करायची वेळ आणि एच-४ संपायची वेळ जवळजवळ एकच. त्यानंतर ती कागदोपत्री परदेशी विद्यार्थिनी. अमेरिकेतली पुष्कळ मेडिकल स्कूल्स परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज घेतच नाहीत. जी घेतात त्यातली काही पुढच्या फीचे पैसे आधीच बाजूला काढून दाखवायला सांगतात. सरकारी शैक्षणिक कर्ज परदेशी विद्यार्थ्याला नाही. आणि टेक्सासच्या सरकारी मेडिकल स्कूल्समध्ये ९० टक्के जागा टेक्सासच्या रहिवाशांसाठीच.

शाळा व्हिसा विचारत नाही, हे मी वर लिहिलं. खरंच विचारत नाही. तो प्रश्न आठ वर्षं थांबून असतो.

दुसऱ्या प्रकारच्या शाळेतही हाच काटा आहे, जरा वेगळ्या जागी. एच-४वरच्या मुलाला पगारी काम करता येत नाही. सोळाव्या वर्षी मेडिकल दुकानात पार्टटाइम नाही, उन्हाळ्यातली पगारी इंटर्नशिप नाही. फार्मसी टेक्निशियनचं सर्टिफिकेट मिळवलं तरी ते फ्रेम करून लावायचं. वर्गातल्या मैत्रिणी कमवायला लागतात आणि आपलं पोर ‘मला इंटरेस्ट नाही’ म्हणतं. ताईच्या ओळखीतल्या एका घरात नेमकं हेच झालं. मुलाने खरं कारण मित्रांना कधी सांगितलंच नाही.

मी हे सगळं ताईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे नको?’

मी तसं म्हणत नाहीये. माझं मत विचाराल तर अर्ज करावा. चार वर्षं उत्तम शिक्षण फुकट मिळत असेल तर ते घ्यावं, पुढचं दार उघडेल की नाही याची खात्री नसतानाही घ्यावं. फक्त ते ‘डॉक्टर होणार’ म्हणून घेऊ नये. ‘आमची डॉक्टर होणार हं’ असं मावशीने कोथरूडला सांगायला सुरुवात केली की पोरीचा परतीचा रस्ता बंद होतो. आरोग्यक्षेत्रात डॉक्टर सोडून किती माणसं लागतात, हे अशा शाळेतच नीट दिसतं. फिजिओथेरपी, रेडिओलॉजी, लॅब, साथीच्या रोगांचा हिशेब ठेवणारी माणसं. कोविडच्या दोन वर्षांत आपण त्यांची नावं शिकलो आणि मग विसरून गेलो.

काही बारीकसारीक गोष्टी पटापट सांगते. हॉस्पिटलांत जायचं तर हॉस्पिटलं साधारणपणे लसींची नोंद आणि टीबीची तपासणी मागतात. भारतात जन्मलेल्या मुलांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग आईवडील हवालदिल! आधीच रक्ताची चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. भाचीचा जन्म पुण्याचा, त्यामुळे हे तिला लागू.

ह्यूस्टनचं पाणी. ऑगस्ट २०१७ मध्ये, शाळा नव्या इमारतीत जायची त्याच महिन्यात, हार्वी वादळ आलं आणि जिल्ह्यातल्या बहुतेक शाळा ११ सप्टेंबरला उघडल्या. २००१ मध्ये अॅलिसन वादळात मेडिकल सेंटरच्या तळघरांत पाणी भरलं होतं. तेव्हा पावसाच्या दिवशी पोर घरी कशी येणार, हा प्रश्न मुंबईकरांनी तरी हसण्यावारी नेऊ नये. मेडिकल सेंटरमधून मेट्रोरेल जाते, ते बरं आहे. पण घरापासून रेलपर्यंत काय? सकाळची बस कुठून, किती वाजता? रोज दोन तास प्रवासात गेले तर चार वर्षांत किती झोप गेली, हा हिशेब रँकिंगच्या यादीत नसतो.

आणि राजकारण, ते कुठे नसतं? जून २०२३ मध्ये टेक्सास राज्याने ह्यूस्टन आयएसडीचं निवडून आलेलं मंडळ बाजूला करून कारभार आपल्या हातात घेतला, स्वतःचा अधीक्षक नेमला. २०२५ मध्ये ही मुदत २०२७ पर्यंत वाढवली. कारण होतं एका वेगळ्याच शाळेचा वर्षानुवर्षं खराब निकाल. डिबेकीचा त्याच्याशी थेट संबंध नाही, पण छत एकच. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये शाळांसाठी ४.४ अब्ज डॉलर्सचे रोखे काढायचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा इमारतीपेक्षा शिक्षकांकडे बघा. गेल्या दोन-तीन वर्षांत किती जण सोडून गेले, हे शाळेतल्या मुलांना अचूक माहीत असतं.

न्यू जर्सीत असाल तर गणित जरा निराळं. एडिसनवाल्यांसाठी मिडलसेक्स काउंटीची वुडब्रिजला अशीच सरकारी अकादमी आहे, शेजारच्या युनियन काउंटीची स्कॉच प्लेन्सला. तिथे टेक्सासचा टक्क्यांचा कायदा नाही, पण पत्त्याची अट आहेच, काउंटीची. व्हिसाचं गणित मात्र देशभर एकच.

गेल्या रविवारी पहिल्यांदाच भाची स्वतः कॉलवर आली. तोपर्यंत आम्ही सगळे तिच्याबद्दल बोलत होतो, तिच्याशी कुणीच नाही. शाळा बघायच्या दिवशी काय विचारायचं, याची यादी तिने फोनमध्ये केली होती. मी म्हटलं, वाच. तिने वाचली. कॅन्टीनमध्ये व्हेज काय मिळतं. व्हायोलिन चालू ठेवता येईल का. नववीनंतर नको वाटलं तर आपल्या जुन्या शाळेत परत घेतात का आणि घेतलं तर वर्ष वाया जातं का. हॉस्पिटलमध्ये कुणी आपल्यासमोर मेलं तर नंतर शाळेत त्याबद्दल कुणाशी बोलता येतं.

ताईने तिच्याकडे वळून बघितलं. मागून जिजूंचाही आवाज आला नाही.

‘शेवटचा आधी विचार,’ मी म्हटलं. तिने मान डोलावली आणि तो प्रश्न उचलून यादीत सगळ्यात वर टाकला.